चादरीच्या दोन टोकांचं इंग्रजी

या, असे जवळ येऊन बसा. मध्ये जागा सोडू नका. उशिरा येणारे आपली सोय आपण बघतील. आज एक आख्यान सांगतो. त्यात राजा नाही, राक्षस नाही. एक परीक्षा आहे, एक चादर आहे आणि माझी वहिनी आहे. हसू आलं तर हसा, पण शेवटी एक मागणं मागणार आहे, तेवढं मात्र पदरात घाला.

"वहिनी, इंग्रजीची काळजी तुम्ही सोडा. ती माझ्यावर टाका आणि खुशाल राहा," असं मी भर जेवणाच्या सुट्टीत, सगळ्यांदेखत बोलून बसलो. इथूनच सगळं सुरू झालं.

आम्ही सगळे एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला. धुलाईखान्याच्या दोन बाजू: ओली आणि कोरडी. खालच्या मजल्यावर ओली बाजू. तिथे यंत्रं, वाफ, साबण आणि दिवसभर पाण्यात हात. वरच्या मजल्यावर कोरडी बाजू. तिथे इस्त्रीचे तापते रूळ आणि घड्या घालायची टेबलं. मी रुळावर. वहिनी, म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको, घड्यांवर. पूर्वी त्या ओल्या बाजूला होत्या. तिथे त्यांच्या बोटांचे सांधे असे सुजायचे की स्वतःची वेणीसुद्धा घालता येईना. दादा घालून द्यायचा, आणि ती वेणी पंपाचा पाइप गुंडाळून ठेवल्यासारखी दिसायची. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं, यांना पाण्यातून काढा. मग कोरडी बाजू मिळाली, बोटं उतरली, वहिनी हसायला लागल्या. जुन्या मुकादम बाई निवृत्त झाल्यावर त्यांचं कामही वहिनीच बघत होत्या, पगार मात्र घड्यांचाच.

एक दिवस साहेबांनी फळ्यावर कागद लावला. मुकादमाची जागा भरायची आहे. यंत्रांवरच्या सूचना इंग्रजीत असतात, सबब उमेदवाराने इंग्रजी व्याकरणाची परीक्षा द्यावी. प्रश्न सोबतच्या पुस्तिकेतून येतील. रिकाम्या जागा भरा, योग्य शब्दयोगी अव्यय निवडा, योग्य क्रियापद निवडा.

"आणि कोणीच पास झालं नाही तर?" वहिनींनी विचारलं.

"तर बाहेरून मुकादम येईल. तो आपली माणसं घेऊन येईल," साहेब म्हणाले. "मग कोरडीकडची एक-दोन माणसं खाली पाठवावी लागतील. जागा मोजक्या आहेत, बाई." एवढं बोलून त्यांनी छताकडे पाहिलं. माणूस वाईट नाही. वाईट बातमी सांगताना छताकडे बघतो, एवढंच.

वहिनींनी आपल्या बोटांकडे पाहिलं. तेव्हा मी ते मघाशी सांगितलेलं वाक्य बोललो.

आता माझ्या इंग्रजीबद्दल मी स्वतः काय बोलणार? दुसरं कोणी बोलत नाही म्हणून बोलावं लागतं. साबणाच्या पिंपावर काय लिहिलंय ते धुलाईखान्यात मीच वाचून दाखवतो. एकदा मी सांगितलं, "हे पिऊ नये, असं लिहिलंय." आजवर कोणी प्यालेलं नाही. यापरता पुरावा कोणता?

घरी शिकवणी सुरू झाली. वहिनी टेबलाशी बसल्या, मी समोर, आणि दादा मोरीत भांडी घासत कान टवकारून.

"द पेशंट इज, मग रिकामी जागा, मग द बेड. काय येईल?"

"कुठल्या वॉर्डातला पेशंट?"

"वहिनी, पुस्तकातला."

"पुस्तकातला असला म्हणून काय झालं, त्याला काही दुखणं असेलच ना. पडून असेल तर खाटेवर. हिंडताफिरता असेल तर खाटेजवळ. आणि तो हाडांच्या वॉर्डातला म्हातारा आठवतो? तो खाटेखाली सापडला होता."

मी तो प्रश्न सोडून क्रियापदाकडे वळलो. "शी, रिकामी जागा, टू द मार्केट. गो की गोज?"

"तुम्हीच सांगा."

"गोज. एकटी असली की गोज. दोघी असल्या की गो."

"म्हणजे एकटी निघाली की शेपूट लागतं, आणि दोघी निघाल्या की सुटतं? हे कसलं शास्त्र, भाऊजी?"

मी म्हणालो, "एकट्या बाईला सोबत म्हणून एक एस देतात."

"अंधार पडल्यावर गेली तर दोन देत असतील," मोरीतून दादा म्हणाला.

आठवडे गेले. वहिनी रिकाम्या जागेकडे अशा बघायच्या, जसं हरवलेल्या जोडीतल्या एका मोज्याकडे बघतात. काल सांगितलेलं आज नाही, आज सांगितलेलं चहा होईपर्यंत नाही. माझी अन्नावरची वासना उडाली. रुळावर उभा असलो तरी तळपायाला चैन नाही. इथून तिथे, तिथून इथे. वचन सगळ्यांदेखत दिलेलं, आणि परीक्षा तर दाराशी येऊन उभी.

अशात एका सकाळी मला मार्ग दिसला. तो आधीपासून समोरच होता.

मोठ्या चादरीची घडी एकटीने होत नाही. दोघी लागतात. दोन टोकांना दोघी उभ्या राहतात, एकजण "ओढ" म्हणते, दोघी ताण देतात, मग दुसरी आपले दोन कोपरे घेऊन चालत येते आणि पहिलीच्या हातात देते. पुन्हा ताण, पुन्हा चाल, घडी तयार. वहिनींची जोडीदारीण होती खारूताई. हे काही तिचं नाव नव्हे. अंगाने एवढीशी, हालचालीत चपळ, आणि गालात सदा खायला काहीतरी धरलेलं, म्हणून सगळ्यांची खारूताई. "ओढ" ती म्हणायची आणि चालत वहिनी यायच्या. वर्षानुवर्षं हेच.

मला पायावर उभं राहता येत नव्हतं तेव्हापासून मी मंडपात बसून कीर्तनं ऐकतोय. बुवा काय करतात? ओळ उचलतात, गातात आणि अर्ध्यावर सोडून देतात. ती पुरी करतो मंडप. ज्याला दोन अक्षरं लिहिता येत नाहीत तोही पुरी करतो. शिकवण्याची याहून मोठी विद्या मला तरी ठाऊक नाही. मी रूळ सोडून धावलो.

"खारूताई, 'ओढ' म्हणू नकोस. त्याऐवजी मी सांगतो ते म्हण. सुरात म्हण."

"द बुक इज," खारूताईने सूर लावला आणि ताण दिला.

वहिनी दोन कोपरे धरून चालत आल्या, आणि ते खारूताईच्या मुठीत देता देता, जणू हवापाण्याच्या गोष्टी बोलाव्यात तशा, म्हणाल्या, "ऑन द टेबल."

मी जागीच थिजलो. मागे रुळावर माझी चादर जळायला लागली होती, तिचा वास आला तेव्हा हललो.

त्यानंतर काय विचारता! पुस्तिकेतला प्रश्न न् प्रश्न आम्ही चादरीवर घातला. अव्ययं संथ लयीत, क्रियापदं द्रुत लयीत. "द बॉइज," खारूताई म्हणायची. "आर वेटिंग," वहिनी यायच्या. "शी," ओढ. "गोज टू द मार्केट," घडी. बाकीच्या टेबलांवरच्या बायाही पालुपद उचलायला लागल्या. वॉर्डातल्या सिस्टर निरोप पाठवू लागल्या की हल्ली चादरी फार चौकोनी येतात. वहिनींचं एकही उत्तर चुकत नव्हतं. मी छाती काढून हिंडत होतो.

परीक्षेच्या आदल्या दिवशी, सहज म्हणून, घरी टेबलाशी बसवून मी विचारलं, "वहिनी, द बुक इज?"

वहिनींनी टेबलाकडे पाहिलं.

"अहो, द बुक इज?"

"भाऊजी, येत होतं हो मला." त्यांचे हात मांडीवरून उचलले गेले आणि हवेत दोन कोपरे शोधायला लागले. कोपरे नव्हते, म्हणून शब्दही नव्हता.

दादाने भांडी पुसायचा पंचा पुढे केला. एक टोक मी धरलं, ताण दिला. "ऑन द टेबल," वहिनी म्हणाल्या. मग रुमाल धरून पाहिला. रुमालावर अव्ययं आली, पण क्रियापदं येईनात. क्रियापदांना दुहेरी चादरच लागत होती.

"आता?" वहिनी म्हणाल्या. त्यांनी बोटं तळहातात मिटून घेतली होती.

"आता मी आहे ना," मी म्हणालो. हे वाक्य मी पुन्हा कधी बोललो तर मला तिथेच अडवा, ही विनंती.

लगोलग मी खारूताईला गाठून तिचाही अर्ज भरून टाकला.

"भाऊ, मला एकसुद्धा उत्तर येत नाही," ती म्हणाली. खरं होतं ते. सगळ्या पुस्तिकेतले प्रश्न तिला तोंडपाठ, आणि उत्तर एकही नाही. रिकाम्या जागेपर्यंत जायचं आणि थांबायचं, एवढंच तिच्या वाट्याला आलेलं. पुढचं ऐकायला ती थांबायची नाही. तिचं लक्ष कोपऱ्यांवर.

"तुला उत्तर कुठे द्यायचंय? तू फक्त ओढ."

"ताईसाठी ना? मग ओढते."

परीक्षा घ्यायला मुख्य कचेरीतून एक मॅडम आल्या. साहेबांच्या बैठकीच्या खोलीत लांबलचक टेबल होतं. मॅडम म्हणाल्या, "दोघी दोन टोकांना बसा, म्हणजे एकमेकींचं दिसायला नको. मी मध्ये बसते." मला वाटलं, ही आखणी देवानेच केली. मी हात जोडून म्हणालो, "मॅडम, टेबलाला ओरखडे आहेत, पेन अडकेल. स्वच्छ चादर अंथरतो." मॅडमनी कौतुकाने मान हलवली. मी दुहेरी चादर अंथरली. एक टोक खारूताईच्या मांडीवर, एक टोक वहिनींच्या. चादरीवर दोघींचे पेपर, मध्ये मॅडमची प्रत आणि चहाचा कप. मी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभा राहिलो. एक पाय आत, एक पाय बाहेर, आणि जीव टेबलाखाली.

सुरुवात झाली. खारूताई ओठातल्या ओठात प्रश्न गुणगुणली आणि मांडीवरून हलकेच ओढ दिली. चादर सुतभर सरकली, कपातला चहा थरारला, वहिनींनी लिहिलं. पुन्हा ओढ, पुन्हा थरार, पुन्हा लिहिलं.

मॅडमनी कपाकडे पाहिलं. "इथे यंत्रांचा हादरा बसतो का?"

"फार बसतो," मी म्हणालो. तांब्यातलं पाणी मीच प्यालो.

अव्ययं सुखरूप पार पडली. मग आली क्रियापदं. इथे नुसत्या सुतभर ओढीने वहिनींना काही सुचेना. त्या लेखणी धरून बसल्या. खारूताईने जरा जोर लावला. काही नाही. मॅडमनी चष्मा काढून पेपरावर ठेवला आणि त्या पदराने डोळे टिपायला लागल्या. खारूताईला वाटलं, हीच वेळ. तिने पाय टेबलाला लावले आणि धुलाईखान्यात देते तशी खणखणीत ओढ दिली.

वहिनी उठल्या. त्यांना विचारलंत तर आजही सांगतील की मी उठले नाही, माझे हात उठले. दोन कोपरे धरून त्या टेबलाच्या कडेने चालू लागल्या. समोरून खारूताईही आपले कोपरे घेऊन निघाली. पेपर, लेखण्या, चष्मा, चहा, सगळं मध्ये गोळा झालं. मॅडमच्या नाकासमोर दोघी भेटल्या. कोपरे हातात देत वहिनी स्पष्ट म्हणाल्या, "आर वेटिंग." उत्तर बरोबर होतं. मग अर्धी घडी, मग पाव घडी, वरून एक थाप. मॅडमचा पदर अजून डोळ्याला होता.

आणि इथे मी आत शिरलो. घडीतून चहाचा तपकिरी डाग वर येत होता. इतक्या वर्षांची सवय अशी की डाग दिसला की माझं डोकं बंद आणि हात चालू. मी ते गाठोडं उचललं, बाहेर नेलं आणि मळके कपडे खाली सोडायच्या पत्र्याच्या घसरगुंडीत सोडून दिलं. हात झटकत परत आलो, काहीतरी पुण्यकर्म केल्याच्या समाधानात.

"माझे पेपर कुठे आहेत?" मॅडमनी विचारलं. आवाज अगदी शांत होता.

सगळे जिना उतरून धावलो. खालच्या माणसाचं काम चोख. गाठोडं पडलं, त्याने झाकण लावलं, बटण दाबलं. फेरी संपेपर्यंत ते यंत्र देवालाही उघडत नाही.

"कुठे आहेत?" मॅडमनी पुन्हा विचारलं. चष्म्याविना त्यांना काही दिसत नव्हतं.

"उकळताहेत," मी म्हणालो.

यंत्राच्या गोल काचेतून वहिनींची बढती फेर धरून फिरताना दिसत होती. आधी कागद होते, मग कागदाचे तुकडे, मग नुसती पेज. चष्मा अधूनमधून काचेशी येऊन आमच्याकडे बघून जात होता.

"परीक्षा रद्द," मॅडम म्हणाल्या. "मी कळवून टाकते. बाहेरचा मुकादम पाठवतील."

मी पुढे झालो. "मॅडम, चूक माझी आहे. यांची नाही. मला काय ती शिक्षा करा."

"तुमचं इथे काय काम होतं, तेच मला कळलेलं नाही," मॅडम म्हणाल्या.

वहिनी इतका वेळ त्या वाफेत उभ्या होत्या. शेजारच्या हौदात एक बाई कोपरापर्यंत हात घालून चादरी खळबळत होती, तिच्याकडे बघत. मग वळून म्हणाल्या, "मॅडम, पेपर धुतला गेलाय. मी नाही धुतली गेले. तोंडी विचारा."

"कशातून विचारू, बाई? प्रश्न त्या यंत्रात आहेत. आणि पुस्तिका आणून दिलीत तरी चष्म्याशिवाय मला वाचता येत नाही."

"प्रश्न मला येतात," मागून बारीक आवाज आला. खारूताई गालातलं गिळून पुढे झाली.

"सगळे?"

"सगळे. उत्तर एकही नाही, मॅडम. देवाशपथ."

मॅडमनी तिच्याकडे डोळे बारीक करून पाहिलं. असा उमेदवार त्यांना जन्मात भेटला नसावा.

कोरडी चादर आली. त्या ओल्या फरशीवर दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या आणि यंत्राच्या घरघरीवर आवाज चढवून खारूताई गायला लागली. "द बुक इज," ओढ. "ऑन द टेबल," चाल. हौदावरच्या बायांनी हात थांबवले. वरून कोरडीकडच्या बाया जिन्यात येऊन उभ्या राहिल्या. प्रश्नामागून प्रश्न, घडीमागून घडी. मॅडमची बोटं आधी छातीशी घट्ट होती, ती हळूहळू ताल धरायला लागली. सगळी पुस्तिका संपली. वहिनी एकदाही अडखळल्या नाहीत.

"हे पाठांतर झालं," मॅडम म्हणाल्या. "टोक माझ्याकडे द्या."

खारूताईने टोक दिलं. मॅडमनी ते साडीचा काठ धरावा तसं धरलं.

"अंगठा आत घ्या, मॅडम," वहिनी म्हणाल्या. "आणि ओढा. लाजू नका."

मॅडमनी ओढलं. "द शीट इज, यू अँड मी. रिकामी जागा मध्ये आहे. सांगा."

वहिनी जागच्या हलल्या नाहीत. चादर ताणलेली. हे वाक्य पुस्तिकेत नव्हतंच. असल्या वाक्यांच्या नियमांचं, प्रश्न नसलेलं एक पान शेवटी होतं खरं, पण ते माझं मलाच उलगडेना, म्हणून शिकवताना मी त्यावर हात ठेवून पुढे गेलो होतो. मी डोळे मिटून नामस्मरण सुरू केलं.

"दोघींच्या हातात आहे," वहिनी स्वतःशी बोलल्यासारखं म्हणाल्या. "तिसरी कोणी नाही." मग पाऊल उचललं, सावकाश चालत आल्या आणि कोपरे मॅडमच्या हातात ठेवले. "बिट्वीन."

"हे तर मी शिकवलंच नव्हतं," माझ्या तोंडून निघून गेलं.

"तुम्ही पाणी प्यायला उठायचात ना, भाऊजी, तेव्हा वाचत होते."

मॅडमनी घडीवरून हात फिरवला. "पास," म्हणाल्या. जिन्यातून टाळ्या पडल्या. फेरी संपली, यंत्र उघडलं, चष्मा निघाला. मॅडमनी तो डोळ्यांवर चढवला, चौफेर पाहिलं, आणि सगळ्यांत आधी मला पाहिलं.

पण नियम म्हणजे नियम. अर्ज दोघींचे होते. मॅडमनी खारूताईला समोरच्या टोकाला उभं केलं आणि आता चांगल्या सुरात म्हटलं, "द बुक इज."

"द बुक इज," खारूताईने तितक्याच सुरात म्हटलं. आणि दोघी रिकाम्या जागेपाशी येऊन थांबल्या. चादर मध्ये ताणलेली. कोणीच चालत येईना.

"पुढे?" मॅडमनी विचारलं.

"पुढे ताई येते," खारूताई म्हणाली.

तिला शून्य मिळालं. ती हसली, म्हणाली, "मी तर ओढायला आले होते, मॅडम," आणि गालात काहीतरी टाकून जिना चढून गेली.

वहिनी मुकादम झाल्या. बोटं बरी आहेत. त्यांनी त्याच दिवशी ठरवलं की आता खारूताईला शिकवायचं. रोज त्या टोकाला उभ्या राहतात, "द बुक इज" म्हणतात, ताण देतात, आणि सवयीने लगेच "ऑन द टेबल" हेही म्हणून टाकतात. मग दोघी हसतात. खारूताईची पाटी अजून कोरीच आहे.

तर माझं मागणं एवढंच. तुम्ही कधी परक्या बिछान्यावर अंग टाकाल, चादर काठाला काठ लावून नेटकी घातलेली दिसेल, तेव्हा जी चालत आली, जिने कोपरे जुळवले, तिला दुवा मिळतोच. पण पलीकडे उभी राहून जिने ताण धरला, त्या खारूताईची आठवण काढा. माझी नाही काढलीत तरी चालेल. माझी मॅडम काढतात. साहेब सांगत होते, दर वेळी चष्मा पुसताना काढतात.